भंगुरास्थी मुलांमधील अवयव-दीर्घीकरण

शस्त्रक्रियेने हाड छेदून त्याचे दोन भाग बाह्य किंवा अंतःस्थ साधनाच्या साहाय्याने अतिशय सावकाश एकमेकांपासून दूर नेले असता मधल्या फटीत नवे हाड तयार होते व हात किंवा पाय लांबीने वाढतो. या उपचारास ‘अवयव-दीर्घीकरण’ म्हणतात. जन्मतःच हाडे ठिसूळ असणाऱ्या मुलांच्या बाबतीत या उपचाराचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. जे हाड साध्या धक्क्याने मोडते ते मुद्दाम छेदावे काय, त्यात तारा व खिळे टिकतील काय आणि नव्याने तयार होणारे हाड शरीराचा भार पेलेल काय, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात. बालपणी हाडे ठिसूळ होण्याची कारणे अनेक असली, तरी दीर्घीकरणाच्या संदर्भात प्रामुख्याने ‘अपूर्ण अस्थिजनन’ या आनुवंशिक विकाराचा विचार केला जातो.

विकाराचे स्वरूप : हाड हे कॅल्शियम व फॉस्फरस यांची खनिजे आणि कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू यांचे मिळून बनलेले असते. खनिजांमुळे त्यास कठीणपणा, तर कोलॅजेनामुळे चिवटपणा येतो. सिमेंट-काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांचे जे कार्य, तेच येथे कोलॅजेनाचे होय. अपूर्ण अस्थिजननात पहिल्या प्रकारचे कोलॅजेन एक तर कमी प्रमाणात किंवा सदोष घडणीचे तयार होते. त्याच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात व प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल असावे लागते. त्याच्या जागी दुसरे मोठे ॲमिनो अम्ल आल्यास पीळ नीट बसत नाही. कोलॅजेनाचे केवळ प्रमाण घटले असता विकार सौम्य राहतो. रेणूची घडणच बिघडल्यास तो बहुधा तीव्र होतो.

सु. १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका मुलात हा विकार आढळतो. वारंवार होणारे अस्थिभंग, हातापायांची वक्रता, खुजेपणा, डोळ्यांच्या श्वेतपटलाची निळसर छटा, सहज झिजणारे पिवळट किंवा करडे दात, सैल सांधे, पाठीच्या कण्याची वक्रता आणि वाढत्या वयात येणारा बहिरेपणा ही त्याची लक्षणे होत. मात्र ती सर्वच एका रोग्यात असतात असे नाही. बुद्धीवर विकाराचा परिणाम होत नाही. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड सायलेन्स व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये त्याचे चार प्रकार केले. पहिला प्रकार सौम्य, दुसरा जन्माच्या सुमारास बहुधा प्राणघातक, तिसरा वाढत्या व्यंगांचा आणि चौथा मध्यम तीव्रतेचा होय. पुढे जनुकीय संशोधनामुळे आणखी अनेक प्रकारांची त्यात भर पडली. तथापि दैनंदिन वैद्यकात सायलेन्स यांचे वर्गीकरण अद्याप उपयोगात आहे.

आनुवंशिकता : बहुसंख्य रोग्यांत १७ व्या व ७ व्या गुणसूत्रांवरील कोलॅजेनाच्या दोन जनुकांपैकी एकात उत्परिवर्तन झालेले असते. असा विकार प्रभावी असतो. म्हणजे माता किंवा पिता यांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. पुष्कळदा मात्र आईवडील दोघेही निरोगी असतात आणि उत्परिवर्तन त्या मुलातच नव्याने झालेले असते. काही विरळ प्रकार अप्रभावी असून आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत धोका एकचतुर्थांश असतो. नात्यातील विवाहांत, उदा., महाराष्ट्रातील काही समाजांत रूढ असलेल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहांत, असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. गरोदरपणी ग्रहण न पाळल्यामुळे किंवा आईच्या आहारातील चुकीमुळे असे मूल जन्मते, या समजुतीस कोणताही आधार नाही. अशा समजुतीमुळे दोष आईवर येतो आणि निदान लांबणीवर पडते.

पाय आखूड व वाकडे होण्याची कारणे : या विकारातील मोडलेले हाड सामान्यपणे नेहमीच्या मुदतीत जुळते. परंतु जुळताना तयार होणारे हाडही त्याच सदोष कोलॅजेनाचे असल्याने ते पूर्वीइतकेच ठिसूळ राहते. स्नायूंच्या ओढीने ऊर्वस्थी (मांडीचे हाड) बाहेरच्या व पुढच्या बाजूस आणि अंतर्जंघास्थी (नडगीचे हाड) पुढच्या बाजूस कमानीप्रमाणे वाकते. वाकलेल्या हाडावर भार पडला की कमानीच्या बाहेरील बाजूवर ताण येतो व तेथेच ते पुन्हा मोडते. प्लास्टरमध्ये दीर्घकाळ निश्चल राहिल्याने हाड आणखी विरळ होते आणि प्लास्टर काढल्यावर लवकरच नवा अस्थिभंग होतो. अस्थिभंग, निश्चलता व दुर्बलता यांचे हे चक्र तोडणे हा सर्व उपचारांचा पहिला हेतू असतो. याखेरीज हाडाच्या टोकाजवळील वाढीची कूर्चा दुखावल्यास लांबीची वाढ खुंटते. एका पायावर याचा परिणाम अधिक झाल्यास दोन पायांच्या लांबीत तफावत पडते.

वक्रतेमुळे किती लांबी दडलेली असते, हे साध्या गणिताने कळते. ३० सेंमी. लांबीचे हाड बरोबर मध्यावर ६० अंशांनी वाकले असेल, तर त्याच्या दोन टोकांमधील सरळ अंतर सु. २६ सेंमी. भरते. ते सरळ केल्यास, छेदाच्या जागी हाड काढावे लागले नाही तर, सु. ४ सेंमी. लांबी परत मिळते. यामुळे या मुलांमध्ये ‘आधी सरळ करणे, मग गरज उरल्यास लांब करणे’ हा क्रम पाळला जातो.

इतिहास : इटलीतील बोलोन्या येथील शल्यचिकित्सक आलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांनी १९०५ मध्ये ऊर्वस्थी छेदून व जोराने ओढून ती लांब करण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. एकदम ओढण्याच्या या पद्धतीत तंत्रिका (मज्जातंतू), रक्तवाहिन्या व त्वचा यांना इजा होई आणि हाड न जुळण्याचे प्रमाणही मोठे होते. खरी प्रगती सोव्हिएट रशियातील गव्रील इलिझारोव्ह (१९२१–९२) यांच्या कार्यामुळे झाली. सायबीरियातील कुर्गान येथे दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या न जुळलेल्या हाडांवर उपचार करताना त्यांनी अवयवाभोवती धातूची कडी बसवून ती ताणलेल्या बारीक तारांनी हाडास जोडण्याचे उपकरण तयार केले. उपकरणाने हाडाचे भाग सावकाश विलग केल्यास फटीत नवे हाड निर्माण होते, असे त्यांना आढळून आले. उंच उडीतील ऑलिंपिक विजेते व्हालेरी ब्रुमेल यांच्या अपघातात मोडलेल्या पायावर त्यांनी केलेल्या उपचारांमुळे रशियात त्यांची कीर्ती पसरली. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये कुर्गान येथे बरे झाले. त्यानंतर १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांनी इटलीत व्याख्याने दिली आणि ही पद्धत पश्चिम यूरोपात व तेथून इतरत्र पोहोचली.

भंगुरास्थींच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच सुमारास वेगळ्या दिशेने घडत होता. अमेरिकेतील हॅरल्ड सोफील्ड व एडवर्ड मिलर यांनी १९५९ मध्ये वाकलेले हाड अनेक ठिकाणी छेदून त्याचे तुकडे, दोऱ्यात मणी ओवावेत त्याप्रमाणे, धातूच्या सळईवर ओवण्याची पद्धत वर्णिली. सळई हाडाच्या मज्जापोकळीत राहून त्यास आतून आधार देते. परंतु मूल वाढले की हाड सळईच्या टोकापलीकडे जाते व आधार नसलेला भाग वाकतो किंवा मोडतो. यावर उपाय म्हणून बेली व डुबो यांनी १९६३ मध्ये एकात एक सरकणारी दुहेरी सळई पुढे आणली. तिची दोन टोके हाडाच्या दोन अग्रांत रोवलेली असल्याने हाडाच्या वाढीबरोबर ती दुर्बिणीच्या नळीप्रमाणे लांबते. कॅनडातील माँट्रिऑल येथे फासिए व ड्यूव्हाल यांनी तिच्यात सुधारणा केली. अशी सळई स्वतः हाड लांब करीत नाही, ती केवळ नैसर्गिक वाढीमागे जाते. यामुळे ‘लांबणारी सळई’ व ‘लांबी वाढविणारी शस्त्रक्रिया’ यांची गल्लत करू नये.

प्रक्रिया : दीर्घीकरणासाठी हाडाचा बाह्य कठीण थर छेदतात, मात्र पर्यस्थिकला (हाडावरील वेष्टन) व रक्तपुरवठा शक्य तितका अबाधित ठेवतात. छेदापूर्वी किंवा नंतर कड्यांचे अथवा एका बाजूस बसणारे बाह्य स्थिरक जोडले जाते. त्यानंतर पाच ते सात दिवस काहीही ओढ दिली जात नाही. या काळात फटीत कोवळी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) तयार होतात. पुढे दररोज सु. १ मिमी. या गतीने, बहुधा पाव मिमी.च्या चार टप्प्यांत, स्थिरकाचा आटा फिरविला जातो. गती जास्त झाल्यास तंत्रिका व स्नायू ताणले जातात आणि नवे हाड विरळ राहते. ती फार कमी झाल्यास फट वेळेआधीच जुळून लांबी वाढणे थांबते. अपेक्षित लांबी मिळाल्यावर आटे स्थिर ठेवून नवे हाड घट्ट होऊ दिले जाते. या टप्प्यास ओढीच्या काळापेक्षा बहुधा अधिक अवधी लागतो. ५ सेंमी. वाढीसाठी सु. ५० दिवस ओढ आणि एकूण पाच ते सहा महिने स्थिरक, असा ठोकताळा सामान्य मुलांच्या बाबतीत धरला जातो.

भंगुर हाडातील अनुभव : ठिसूळ हाडात तारा व खिळे ताणामुळे हाड चिरत सरकतील, अशी भीती दीर्घकाळ बाळगली जात होती. ब्रिटनमधील शेफील्ड येथील शल्यचिकित्सकांनी २००४ मध्ये सहा मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय १४·७ वर्षे असून त्यांच्या पायांच्या एकूण नऊ हाडांचे दीर्घीकरण करण्यात आले व वक्रताही त्याच वेळी सुधारण्यात आली. तिघा मुलांत मज्जापोकळीत पूर्वीच बसविलेल्या सळईवरून हाड लांब केले गेले. सरासरी ६·२६ सेंमी. लांबी वाढली आणि प्रत्येक सेंमी.मागे सरासरी ३३ दिवस लागले. हा काळ इतर कारणांसाठी केलेल्या दीर्घीकरणाइतकाच आहे. तारा किंवा खिळे हाडातून सरकल्याचे आढळले नाही. मात्र एकास खोलवर जंतुसंक्रामण झाले, एकाची ऊर्वस्थी मोडली आणि एकाची अंतर्जंघास्थी पुढे वाकली. नऊ हाडांमागे तीन गंभीर उपद्रव हे प्रमाण लहान नाही. शिवाय ही निवडक व थोड्या रोग्यांची पाहणी होती, त्यामुळे तिच्यावरून हा उपचार सर्व भंगुरास्थी मुलांस योग्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘योग्य निवड केल्यास शक्य’ एवढेच त्यातून सिद्ध होते.

एकविसाव्या शतकात चुंबकाच्या साहाय्याने शरीराबाहेरून लांबविता येणारे अंतर्मज्जा खिळेही प्रचारात आले. भंगुरास्थी मुलांची मज्जापोकळी बहुधा अरुंद व वाकडी असते आणि खिळा वाढीच्या कूर्चेतून न्यावा लागण्याचा संभव असतो, म्हणून त्यांचा उपयोग या मुलांमध्ये मर्यादित आहे.

औषधोपचाराशी संबंध : हाडात नवनिर्मिती व विघटन या क्रिया अखंड चालू असतात. बिसफॉस्फोनेट वर्गातील औषधे विघटन करणाऱ्या कोशिकांचे कार्य मंदावतात. माँट्रिऑल येथील फ्रान्सिस ग्लोरिओ व सहकारी यांनी १९९८ मध्ये पामिड्रोनेट हे औषध ठराविक कालांतराने शिरेतून दिल्यास तीव्र विकार असलेल्या मुलांच्या हाडांची घनता वाढते, वेदना कमी होतात व हालचाल सुधारते, असे दाखविले. हे औषध कोलॅजेनाचा दोष दूर करीत नाही. शिवाय शस्त्रक्रियेने छेदलेले हाड या औषधाच्या प्रभावाखाली उशिरा जुळते असे आढळल्यामुळे छेदानंतर हाड जुळू लागेपर्यंत पुढील मात्रा पुष्कळदा लांबणीवर टाकली जाते. त्यामुळे औषध देणारा बालरोगतज्ज्ञ व शस्त्रक्रिया करणारा अस्थिशल्यचिकित्सक यांनी वेळापत्रक एकत्र ठरविणे आवश्यक असते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच भरून काढतात.

उपद्रव : तारांच्या छिद्रांशी होणारे जंतुसंक्रामण हा सर्वांत नेहमीचा उपद्रव होय. मज्जापोकळीत सळई असल्यास ते तिच्या आधाराने हाडभर पसरू शकते. लांब होणाऱ्या हाडाबरोबर स्नायू तितक्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे गुडघा आखडणे व टाच वर उचलली जाणे हे दोष उद्‌भवतात. स्थिरक काढल्यावर नवे हाड वाकणे किंवा खिळ्याच्या छिद्रातून मोडणे हा धोका भंगुरास्थी मुलांत विशेष असतो, म्हणून आत सळई ठेवणे किंवा काही काळ बाह्य आधारपट्टा वापरणे इष्ट ठरते. संवेदनाहरण करतानाही दक्षता लागते. मान ताणणे, शस्त्रक्रियेच्या मेजावर निष्काळजीपणे वळविणे किंवा रक्तदाबमापकाचा पट्टा जोराने आवळणे एवढ्यानेही हाड मोडू शकते.

रोग्याची निवड : दोन पायांच्या लांबीतील सु. २ सेंमी.पर्यंतचा फरक पादत्राणाचा तळ उंच करून भागविता येतो. त्याहून अधिक फरक असल्यास आणि मूल वाढीच्या वयात असल्यास लांब पायाची वाढ शस्त्रक्रियेने थांबविणे हा सोपा पर्याय आहे. परंतु मुळात खुज्या असलेल्या मुलाची उंची आणखी कमी करण्यास कुटुंबे सहसा राजी होत नाहीत. मोठी तफावत, चालण्याची क्षमता, आधी सरळ केलेली व सळईचा आधार असलेली हाडे, शरीरात संसर्गाचा अभाव आणि कित्येक महिने उपचार सोसण्याची मुलाची व पालकांची तयारी या गोष्टी जुळून आल्यासच दीर्घीकरण विचारात घेतले जाते. केवळ उंची वाढविण्यासाठी भंगुर हाडे लांब करणे सर्वसाधारणपणे योग्य मानले जात नाही. तिसऱ्या प्रकारच्या तीव्र विकारात अनेक मुलांस चाकांची खुर्ची हेच हालचालीचे मुख्य साधन राहते. त्यांच्यासाठी आधाराशिवाय बसणे, खुर्चीतून पलंगावर जाणे व हातांचा उपयोग ही उद्दिष्टे पायाच्या लांबीपेक्षा महत्त्वाची असतात.

महाराष्ट्रातील स्थिती : इलिझारोव्ह पद्धत महाराष्ट्रात रुजविण्यात मिरज येथील स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानचे जी. एस. कुलकर्णी व अकोला येथील मिलिंद चौधरी या अस्थिशल्यचिकित्सकांचा मोठा वाटा आहे. मुंबईत १९२९ मध्ये स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय मुलांच्या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात अपूर्ण अस्थिजननाचा बिसफॉस्फोनेट उपचारांच्या संदर्भात समावेश असून मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

ग्रामीण भागात उपचाराचा मोठा भाग रुग्णालयाबाहेर, घरीच पार पडतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठचे व नगर–मनमाड रस्त्यावरील कोल्हार हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. जवळच लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील प्रवरा ग्रामीण रुग्णालयात अस्थिरोग व बालरोग विभाग असून भौतिकोपचाराचे महाविद्यालयही आहे. अशा परिसरातील मुलाचे दीर्घीकरण मुंबई किंवा मिरज येथे झाले, तरी दिवसातून चार वेळा आटा फिरविणे, छिद्रांची स्वच्छता, गुडघा व घोटा यांचे व्यायाम ही कामे पालकांसच करावी लागतात. दर एक-दोन आठवड्यांनी क्ष-किरण चित्र काढून फट तपासणे व ताप किंवा पू आढळताच उपचार करणे या गोष्टी जवळच्या रुग्णालयात झाल्यास दूरच्या फेऱ्या वाचतात. ऊसतोडणीसाठी किंवा इतर मजुरीसाठी हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा महिना ठरविताना ही गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. कारण एकदा ओढ सुरू झाल्यावर ती मध्येच सोडून देता येत नाही.

संगोपन : दीर्घीकरणाची वेळ येऊ नये यासाठीचे प्रयत्न जन्मापासून सुरू होतात. आंघोळीपूर्वी बाळास तेल लावून हातपाय ओढण्याची, उलटसुलट वळविण्याची रीत या मुलांस घातक ठरते. तेल हलक्या हाताने, हातपाय न ताणता लावावे. बाळाचे कपडे बदलताना घोटे धरून पाय उचलू नयेत. कमरेखाली हात घालून त्यास उचलावे. अस्थिभंगाचा संशय आल्यास हाडवैद्याकडून ओढून बसवून न घेता अवयव खपाटीने आधार देऊन रुग्णालयात न्यावा. क्षुल्लक कारणाने वारंवार हाडे मोडणाऱ्या मुलाच्या पालकांवर मारहाणीचा संशय येण्याचे प्रसंगही घडतात, म्हणून निदानाचा लेखी दाखला जवळ असणे उपयुक्त असते. पोहणे व पाण्यातील व्यायाम यांमुळे हाडांवर फारसा भार न पडता स्नायू बळकट होतात.

मोडण्याच्या भीतीने मुलास घरात बसवून ठेवल्यास हाडे अधिक दुर्बल होतात आणि शिक्षण खंडित होते. शाळेत तळमजल्यावरील वर्ग, चढणीचा उतार, मधल्या सुटीत गर्दीपासून संरक्षण आणि ने-आण करण्याची सोय एवढ्या व्यवस्थेवर पुष्कळ मुले नियमित शिकू शकतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशा सोयी मिळण्याचा त्यांस हक्क आहे. दीर्घीकरणाने मिळालेले काही सेंटिमीटर मुलास स्वतः उभे राहण्यास, चालण्यास किंवा शाळेत जाण्यास उपयोगी पडले, तरच सोसलेल्या महिन्यांचे सार्थक होते. उपचाराचे यश मोजताना म्हणूनच लांबीबरोबर या क्षमतांचीही नोंद केली जाते.